सात वीत आणि वर थोडं

तुमचा प्रश्न असा आहे: पहिली-दुसरीचा जोडवर्ग आहे. लांबी, वजन, धारकता शिकवताना वीत, काड्या, वाट्या वापरा असं प्रशिक्षणात सांगतात. पण तसं करायला गेलं की तोच बाक एकाला पाच वीत भरतो, दुसऱ्याला साडेसहा. तिसरा मधेच हात बदलतो आणि तास संपेपर्यंत नुसता गलका. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी पट्टी दिली तर काय बिघडलं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं हेच वर्ग सांभाळलेत, त्यामुळे तो गलका मला चांगला ठाऊक आहे. तरी सांगते, पट्टीची घाई करू नका. पट्टीवर मोजण्याचं बहुतेक सगळं काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. सारखे भाग पाडलेले, एकाला एक चिकटवलेले, वर आकडेही घातलेले. मुलाच्या वाट्याला उरतं ते फक्त टोकाशी आलेला आकडा वाचणं. खात्री करायची असेल तर चौथीच्या मुलासमोर पट्टी ठेवा, पेन्सिलीचं एक टोक २ वर आणि दुसरं ९ वर येईल अशी ठेवा, आणि लांबी विचारा. बरीच मुलं बेधडक ‘नऊ’ म्हणतील. काही जण दोनपासून नऊपर्यंतच्या रेघा बोटाने मोजून ‘आठ’ सांगतील. सात सेंटिमीटर म्हणणारं मूल सापडलं तर त्याला ‘कसं काय?’ असं जरूर विचारा. जी मुलं चुकतात त्यांना पट्टी वाचता येते, पण त्या आकड्यांखाली नेमकं काय मोजलंय ते त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

अभ्यासक्रमही इथे हेच सांगतो. अध्ययन निष्पत्तींमध्ये, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्या यादीत, पहिलीला बोट, वीत, हात, पाऊल यांनी मोजणं आहे. दुसरीला पेन्सिल, दोरा, कप, चमचा अशा सारख्या मापाच्या वस्तू आहेत. सेंटिमीटर, मीटर, ग्रॅम येतात ते तिसरीत. म्हणजे वरचे अधिकारी विचारायला आले तरी काळजी नाही.

आता गलक्याबद्दल. ‘चला मुलांनो, बाक मोजा’ एवढंच सांगितलं तर गलका होणारच, कारण बाक मोजून मुलांना करायचं काय? काम द्या, मग मोजमाप मागोमाग येतं. माझ्या सगळ्यात आवडीचं काम दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं, वर्गाच्या दाराला झेंडूचं तोरण. वर्गाचे दोन गट करायचे. एक गट दाराशी. दुसरा व्हरांड्याच्या पलीकडे, जिथून दार दिसत नाही तिथे, सुतळीचा गुंडा आणि फुलं घेऊन. दारवाल्यांनी चिठ्ठी पाठवायची, तेवढ्यावरून पलीकडच्यांनी सुतळी तोडायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी निरोप पाठवायचा. स्वतः जाऊन सुतळी धरायची नाही, एवढाच नियम.

पहिली चिठ्ठी हमखास येते ती ‘७’ अशी. नुसते सात. पलीकडे कुणी सात हात मोजतं, कुणी सात वीत, आणि तोरण एकतर दाराच्या अर्ध्यावर लोंबतं किंवा जमिनीवर लोळतं. मग भांडण. दुसऱ्या चिठ्ठीत ‘सात वीत’ येतं, तरी जमत नाही, कारण दाराशी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी होती आणि सुतळी तोडणारा वर्गातला सगळ्यात लहान. सहा-सात वर्षांच्या मुलाची वीत बारा ते पंधरा सेंटिमीटर, तुमची-माझी वीसच्या आसपास. वर्गातल्या वर्गातसुद्धा दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि सात वेळा पडला की दाराची चौकट हुकते. अशा वेळी आपण गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. ‘अरे, तिची वीत मोठी आहे ना!’ हे वाक्य तुमच्या तोंडून जाता कामा नये. ते एखादं मूलच म्हणतं, आणि थोड्या वेळाने दुसरं कुणी दारापाशी पडलेली काटकी चिठ्ठीसोबत पाठवतं: ‘ही काडी नऊ वेळा.’ माप आणि आकडा दोन्ही पाठवायला लागतात, नुसता आकडा पुरत नाही, हे त्या काटकीबरोबर सगळ्या वर्गात फिरतं.

लगेच त्याच दिवशी ‘म्हणून सेंटिमीटर’ असं सांगू नका. हातात आलेली काटकी चार-पाच दिवस वापरू द्या.

या कामात आणखी एक गोष्ट होते, आणि पूर्ण उत्तरात मला सगळ्यात जास्त तीच सांगायची आहे. दार कधी मोजून सात वीत भरत नाही. ते सात वीत आणि वर थोडं भरतं. कार्यपुस्तिकेतली पेन्सिल बरोबर पाच काड्यांची असते, वही बरोबर सहा पिनांची. मुलांच्या सोयीसाठी कुणीतरी ती तशी काढलेली असते. प्रत्यक्षात उरतंच, आणि या उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न मुलांना पडू दिला की ती थक्क करतात. ‘सात वीत आणि चार बोटं.’ ‘सात वीत आणि अर्धी.’ ‘सात वीत आणि एक खडू.’ एकाने तर उरलेल्या भागाएवढा कागद फाडून चिठ्ठीला जोडला होता. पहिल्या मुलाने मोठ्या मापाला लहान मापाची जोड दिली, म्हणजे पुढे मीटर आणि सेंटिमीटर जे करणार तेच. दुसऱ्याने अपूर्णांकाला हात घातला. ज्याला यातलं काहीच सुचत नाही त्याला ‘सातपेक्षा जास्त, आठपेक्षा कमी’ असं म्हणायला शिकवा. तेही खरं उत्तर आहे, त्याला पूर्ण गुण द्या. म्हणून मापायला वस्तू निवडताना नेटकी, बरोबर भरणारी वस्तू मुद्दाम टाळा. उरेल अशीच घ्या.

अंगाच्या मापांवरून काड्यांवर आलात की मी खराट्याचे हीर वापरते. नारळाच्या झावळीचे, सरळ, फुकट. सगळे एकाच लांबीचे कापायचे, साधारण आपल्या बोटाएवढे. काडेपेटीच्या काड्याही चालतात, फक्त वेगवेगळ्या पेट्यांमधल्या मिसळू नका, लांबीत फरक असतो. आणि गूल काढून टाका. सुरुवातीला मुलांना भरपूर हीर द्या, म्हणजे वहीच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळ लावता येईल. इथे डोळे उघडे ठेवा. कुणी दोन हिरांमध्ये फट सोडतं, कुणी एकावर एक चढवतं, कुणाची ओळ वाकडी जाते. सांगण्यापेक्षा दोन मुलांना शेजारी बसवून एकच वही मोजायला द्या. एकाला तीन, दुसऱ्याला चार आले की ती आपण होऊन एकमेकांच्या ओळी तपासतात.

मग हिरांची संख्या कमी करा. वही चार हिरांची, पण द्यायचे तीनच. पुढच्या वेळी दोन. शेवटी एकच. एकच हीर हातात आला की पायरी एकदम उंच होते, कारण आता तो उचलून पुढे ठेवायचा आणि आधीचं टोक कुठे होतं ते लक्षात ठेवायचं. मुलं बोट ठेवून खूण करतात, आणि बोटाची जाडी दर वेळी मापात घुसते. लांब फळा मोजला तर एक-दोन हिरांचा फरक पडतो. तेव्हा खडूची बारीक रेघ कुणी शोधून काढतं का पाहा. दोन-तीन दिवसांत कुणालाच सुचलं नाही तर मात्र सांगा. सगळं मुलांनीच शोधलं पाहिजे असा माझा हट्ट नाही, वर्षाचे दिवस मोजकेच असतात.

याच सुमारास एक उलटसुलट प्रश्न येऊ द्या. टेबल हिरांनी मोजलं तर बारा, पेन्सिलीने मोजलं तर पाच. टेबल लहान झालं का? मोठ्या मापाने आकडा लहान येतो, हे सात वर्षांच्या मुलाला सहज पटत नाही. त्याच्या मते पेन्सिल मोठी, म्हणून उत्तरही मोठं यायला हवं. हे पटायला महिना लागला तरी लागू द्या. मोजण्याआधी अंदाज विचारत राहिलात तर लवकर पटतं: ‘हिराने बारा आले, आता पेन्सिलीने किती येतील, जास्त की कमी?’ अंदाजाचं मात्र बक्षीस ठेवू नका. बक्षीस ठेवलं की मुलं आधी मोजून मग ‘अंदाज’ लिहितात. त्यापेक्षा अर्धं मोजून झाल्यावर थांबवा आणि अंदाज बदलायचा का ते विचारा.

धारकतेकडे वळू. इथे घर हीच प्रयोगशाळा: वाटी, पेला, तांब्या, पातेलं, बादली. पाणी सांडणार हे गृहीत धरून वर्गाबाहेर, झाडाच्या आळ्याशी बसा. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात पाण्याऐवजी बारीक वाळू घ्या, तिनेही काम होतं. तांब्यात किती पेले मावतात, पातेल्यात किती तांबे, हे सोपं. अवघड जागा दुसरीच. उंच बाटलीतलं पाणी पसरट पातेल्यात ओतलं की पाच वर्षांचं मूल ठामपणे सांगतं, पाणी कमी झालं. त्याच्या समोर ओतलेलं असतं, तरीही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या याच समजुतीचा बारकाईने अभ्यास केला. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास ती आपोआप बदलू लागते असं त्यांना दिसलं. तेव्हा बालवाडीतल्या मुलाने चुकीचं सांगितलं तर वाद घालू नका. पाणी परत बाटलीत ओतून दाखवा, आणि पुढे चला. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तेच म्हणेल. म्हणू दे.

धान्य मोजताना शीग येते. वाटी सपाट भरायची की शिगोशीग, यावर मुलं भांडतात, आणि भांडायलाच हवं. आजीला विचारून या म्हणून सांगा. बऱ्याच घरांत अजून पितळी किंवा लोखंडी मापं असतात: चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि बाजारात ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी खळ्यावर आणि पीठगिरणीत पायली हा शब्द अजून कानावर पडतो. शिकवायला ही मापं फार छान, कारण दुपटी-चौपटीने वाढत जातात. मूल स्वतःच ओतून पाहतं आणि सांगतं, पायलीत सोळा चिपटी. शेजारच्या गावचं माप थोडं वेगळं निघालं तर उत्तमच, काटकीची गोष्ट पुन्हा निघते.

एक पायली ज्वारी आणि एक पायली चुरमुरे शेजारी ठेवा. माप एकच. आता दोन्ही उचलून पाहा म्हणावं. वजन आणि धारकता वेगळ्या गोष्टी आहेत हे यापेक्षा सोपं करून मला अजून सांगता आलेलं नाही.

वजनासाठी तागडी घरीच करा. कपड्यांचा हँगर, दोन सारख्या करवंट्या, सुतळी. हँगर मधोमध खिळ्याला अडकवा. करवंट्या रिकाम्या असताना तो सरळ राहतो का ते आधी पाहा. राहत नाही, एक बाजू नेहमी झुकते. वर उचललेल्या बाजूला ओली चिकणमाती थोडी थोडी लावत जा. हा पासंग, आणि तो लावताना मुलांना बघू द्या, पुढच्या वेळी तीच लावतील. काम मात्र दोन वस्तू हातात तोलून सुरू करायचं. मोठी वस्तू जड असते हा समज घट्ट असतो, म्हणून थर्मोकोलचा मोठा तुकडा आणि लहानसा दगड पहिल्या दिवशी हवाच.

वजनं म्हणून काय वापरायचं? चिंचोके सगळ्यांना सुचतात, पण त्यांच्यात लहान-मोठे फार. वीस चिंचोक्यांचा खडू उद्या सोळाचा होतो. हार्डवेअरच्या दुकानातले एकाच आकाराचे लोखंडी नट सगळ्यात भरवशाचे. एकसारख्या गोट्याही चालतात. नाणी वापरायची तर एकाच सालची घ्या. जुना रुपया आणि नवा रुपया वजनाला सारखे नाहीत, आकारालाही नाहीत. बिस्किटाचे पुडे वापरणार असाल तर दर वेळी छापलेलं वजन वाचा. किंमत तीच ठेवून पुडा हलका करायची पद्धत आता सर्रास आहे, आणि तिसरीच्या मुलांना ते शोधायला लावलं तर त्यांना मजाच वाटते. गुंजा मात्र वर्गात आणू नका. सोनारांचं जुनं माप म्हणून कुणीतरी सुचवतं, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, दिसायलाही देखण्या. पण गुंजेचं बी विषारी असतं, चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. लहान मुलांच्या बाबतीत कुठल्याही बीवर लक्ष ठेवायला लागतं. चिंचोका नाकात घालणारं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतं.

वेळेबद्दल थोडक्यात. दुसरीपर्यंत घड्याळ वाचायची घाई नको. ‘हात धुऊन येईपर्यंत किती टाळ्या?’ एवढं पुरे. उत्साह असेल तर तळाला बारीक भोक पाडलेली वाटी बादलीभर पाण्यात तरंगत सोडा आणि ती बुडेपर्यंत किती कामं होतात ते मोजा. लग्नात मुहूर्त साधायला घंगाळात सोडायचे ते घटिकापात्र हेच, ते चोवीस मिनिटांत बुडेल असं बनवलेलं असे. तुमची वाटी दोन मिनिटांत बुडेल. काही बिघडत नाही.

पट्टी कधी द्यायची? मुलंच वैतागून ‘बाई, सगळ्यांचे हीर सारखे का नाहीत?’ असं विचारू लागतात तेव्हा. पण विकतच्या पट्टीच्या आधी त्यांना कागदाची पट्टी करू द्या. कागदाच्या लांब पट्टीवर हीर ठेवून दहा खुणा, आणि प्रत्येक हीर जिथे संपतो तिथे आकडा. इथे बरीच मुलं आकडा दोन खुणांच्या मध्ये लिहितात, आणि पहिल्या टोकाला एक लिहितात. ‘इथे एक हीर भरला का?’ एवढं विचारा. काहीच भरलेलं नाही तिथे काय लिहायचं, यातून शून्य येतो. मग विकतची पट्टी द्या, आणि एकच धोका आधी दाखवा: स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर शून्य अगदी टोकाला नसतो, आधी थोडी कोरी जागा असते. शिवाय दुसऱ्या कडेला इंच असतात. तुटक्या पट्ट्या टाकू नका, जपून ठेवा. तीनपासून सुरू होणाऱ्या पट्टीने ज्याला पेन्सिल मोजता आली त्याला पट्टी कळली, त्याची वेगळी परीक्षा घ्यायची गरज नाही.

तिसरीत गेल्यावर प्रमाणित मापं कशाला हवीत हे सांगायला मी जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्याचं उदाहरण घेते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. मुलांना घरातले चमचे आणायला सांगा आणि प्रत्येकात किती मिलिलिटर पाणी मावतं ते औषधाच्या बाटलीच्या खुणा असलेल्या झाकणाने मोजायला लावा. पाच मिलिलिटरचा चमचा क्वचितच निघतो. मीठ जास्त झालं तर लहान बाळाला अपाय होतो, हे सांगितल्यावर ‘चमचा कोणता?’ हा प्रश्न वर्गात कुणालाच फालतू वाटत नाही.

तुम्ही शेवटी पालकांचंही लिहिलंय, की ‘शाळेत नुसत्या काड्या खेळवतात’ अशी तक्रार येते. मी घरचा अभ्यास म्हणून आईबरोबर एकच काम देते: भाकरीला पीठ आणि पाणी किती घेतलं ते वाटीने मोजून सांगायचं. आई ‘अंदाजे’ म्हणते, मूल हट्टाने मोजतं, आणि दुसऱ्या दिवशी आईच दारात येऊन विचारते की हे काय चाललंय. तेव्हा तिला आत बोलवा आणि हीर हातात देऊन फळा मोजायला लावा.

हीर मात्र आदल्या दिवशी तुम्हीच कापा आणि टोकं पॉलिश पेपरने घासून घ्या, बोटात कुसळ जातं.